लेननी पुसलेली रेघ

"उजवी बाही चार बोटं आखूड करा. डावी आहे तशी राहू दे."

दुकानात आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काउंटरवर शर्टांचा गठ्ठा ठेवला आणि अर्धा लिटर दूध मागावं इतक्या सहजपणे हे सांगितलं. मला वाटलं, एकतर माझं इंग्लिश कच्चं आहे, नाहीतर यांचं डोकं ठिकाणावर नाही. आयर्लंडमधल्या ट्रली गावात येऊन तेव्हा मला वर्षही झालं नव्हतं. नवरा, सुहास, इथल्या हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर आणि मी त्याच्या व्हिसाचं शेपूट धरून आलेली. पुण्यात माझं शिवणकामाचं चांगलं चालतं दुकान होतं. इथं दिवसभर खिडकीतून ढग बघत बसायचं. शेवटी मी भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा सुहासनेच घाबरून एका बोळातली खोली भाड्याने बघितली आणि मी कपडे लहानमोठे करून द्यायचं दुकान थाटलं. पँटची उंची, जीन्सची चेन, शाळकरी पोरींचे चर्चमधल्या कम्युनियनच्या विधीचे पांढरे झगे, असली कामं यायची. अशी तिरपागडी मागणी कुणी केली नव्हती.

मी त्यांना हात सरळ सोडून उभं राहायला सांगितलं आणि माप घेतलं. हात दोन्ही सारखेच. मग त्यांनी अंगातल्या स्वेटरची उजवी बाही पुढे केली. मनगटाशी ती काळी कुळकुळीत आणि वाळून कडक झाली होती. म्हणाले, "ओली शाई आणि लांब बाही यांचं पटत नाही, लव्ह."

दुमडून ठेवा की, मी म्हटलं. दुमडलेली घसरते म्हणे. इलॅस्टिक लावू का, तर हाताला मुंग्या येतात. जन्मभर सगळे उपाय करून झाले होते आणि म्हातारबाबा शेवटी कात्रीवर आले होते. मी निमूट बाह्या कापल्या. ट्रायल घेताना त्यांनी आरशात न बघता हात हवेत एका काल्पनिक कागदावरून सरकवून पाहिला आणि मान डोलावली.

घरी आल्यावर मी सुहासला ऐकवलं की आज एक माणूस मला लव्ह म्हणाला. त्याने मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "यॉर्कशरचा का? ती माणसं बसच्या कंडक्टरलाही लव्ह म्हणतात," म्हणाला. झालं, माझं कौतुक तिथंच संपलं.

लेन थॉर्नक्रॉफ्ट त्यांचं नाव. इंग्लंडमध्ये पोरांची चित्रकथांची साप्ताहिकं निघायची, त्यांत ते उभा जन्म चित्रं काढत आले. गेल्या हिवाळ्यात लेन गेले. लीड्सहून त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. आज आमच्या घरात जी बोलाचाली चालते, भांडणं होतात, चहा पांचट झाला म्हणून मला जे ऐकून घ्यावं लागतं, त्या सगळ्यात या माणसाचा हात आहे. हे कुठंतरी सांगायला हवं.

तर ते शर्ट घालून लेन गावभर फिरले. एक बाही मनगटावर, दुसरी कोपराकडे निघालेली. वर जो भेटेल त्याला कौतुकाने माझ्या दुकानाचा पत्ता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोस्टातली बाई मुद्दाम येऊन विचारून गेली, 'युअर मॅन' लेनचे शर्ट तुम्हीच केलेत का? इथे युअर मॅन म्हणजे 'तो बाबा', तुमचा-माझा कुणाचा नव्हे. मी हो म्हटल्यावर तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, ग्रँड, म्हणजे ठीक आहे, शिकाल हळूहळू. पंधरा वर्षं मशीनवर काढलेल्या बाईला! मी लेनना झापलं. ते मनापासून हसले आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून मार्मलेडची बाटली घेऊन आले. संत्र्याच्या सालींचा तो कडू मुरंबा ते कशालाही लावून खायचे. माझ्या थालीपिठालाही लावला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

हळूहळू दुकानातली खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली. त्यांची बायको नोरीन ट्रलीची. इंग्लंडात साप्ताहिकं एकेक करून बंद पडली, तेव्हा दोघं तिच्या गावी येऊन राहिली. मग ती गेली आणि हे राहिले. लीड्समधली मुलगी तिकडे बोलवायची, पण नोरीनच्या गावात आपण पाहुणे नाही, असं ते म्हणायचे. कुणाशी गप्पा माराव्यात तर जमायच्या नाहीत. इथली माणसं एका 'क्रेक'साठी, म्हणजे गप्पाटप्पांच्या मजेसाठी, पबमध्ये तासन्‌तास बसतील. लेन तिथेही अर्धा ग्लास पुढे ठेवून लोकांचे हात बघत बसायचे. माझ्याकडे मात्र बोलायचे. मशीनच्या आवाजात बोलायला त्यांना बरं वाटत असावं, किंवा मी गप्प बसतच नसल्यामुळे त्यांना बोलणं भाग पडत असावं.

पोरवयातच ते लीड्समधल्या एका स्टुडिओत चिकटले होते. काम काय, तर पुसायचं. मोठे चित्रकार आधी पेन्सिलने काढत, मग शाईने गिरवत. शाई वाळली की कागद लेनकडे यायचा आणि लेननी पेन्सिलीची झाडून सगळी रेघ पुसायची. अक्षरं लिहिणाऱ्यांनी ओळ वाकडी जाऊ नये म्हणून आखलेल्या फिक्या रेघाही त्यात आल्या. एक रेघ राहिली तर ओरडा. शाई ओली असताना रबर फिरलं तर आठवड्याचं काम वाया. अशी काही वर्षं त्यांनी पुसण्यात घालवली आणि मग त्यांना मागची झाडं, घरं, ढग काढायला मिळाले, मग माणसं. म्हातारपणीही त्यांच्या खिशात रबर असायचं. पँट दुरुस्तीला आली की मी आधी दाराबाहेर नेऊन खिसे झटकत असे, इतका चुरा निघायचा.

पुढे त्यांनी रणगाडे काढले, बॅले नाचणाऱ्या अनाथ मुली काढल्या, आणि एका फुटबॉलच्या मालिकेत वर्षानुवर्षं दर आठवड्याला एक गोल काढला. फुटबॉल त्यांना अजिबात कळत नसे. पानं गुरुवारच्या टपालात पडलीच पाहिजेत, हा त्यांचा धर्म. लग्नसुद्धा शुक्रवारी केलं, कारण गुरुवारी पानं टाकायची होती. नोरीन म्हणे शेवटपर्यंत लोकांना सांगायची, की माझा नंबर टपालानंतरचा.

त्या फुटबॉलची एक गोष्ट ते हमखास सांगत. नायकाचा डावा हात मोडतो आणि बँडेजमध्येच तो खेळतो, अशी कथा होती. लेननी घाईत पुढच्या पानावर बँडेज उजव्या हाताला काढलं. छापूनही आलं. मग काय, पोरांच्या पत्रांचा पाऊस. संपादक खवळले. शेवटी कथालेखकाने पुढच्या अंकात नायकाला जिन्यावरून ढकलून त्याचा दुसराही हात मोडला आणि सगळं साजरं करून घेतलं. "माझ्या चुकीमुळे त्या बिचाऱ्याने अख्खा सीझन दोन्ही हात गळ्यात बांधून गोल केले," असं सांगताना लेनच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून.

पण त्यांचं नाव कधी छापून आलं नाही. कुणाचंच छापत नसत. नाव झालं की चित्रकार भाव वाढवून मागेल, ही मालकांना धास्ती. लेननी एकदा चित्रातल्या दुकानाच्या पाटीवर बारीक अक्षरांत स्वतःचं आडनाव घुसवलं, तर कचेरीत कुणीतरी त्यावर पांढरा रंग फासला. मूळ पानं परतही देत नसत. गळक्या छताखाली पसरलेली, चहाच्या कपांखाली घातलेली आपली पानं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. हे ऐकून मीच संतापले. म्हटलं, तुम्ही भांडला कसे नाहीत? ते म्हणाले, पोरांना चित्र हवं होतं, लव्ह, मी नको होतो. मला हे उत्तर त्या दिवशी मुळीच पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

आमची मुलगी रेवा शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या केरी परगण्याच्या हेलातल्या इंग्लिशमध्ये. ती चित्रं काढायची आणि माणसं चौकटीत कोंबून भरायची, डोकी वर टेकेपर्यंत. लेन तिला सांगायचे, आधी फुग्याची जागा सोड, मग माणूस काढ. चित्रकथेत माणसाच्या तोंडून निघालेलं बोलणं ज्या गोल फुग्यात लिहितात, तो फुगा. नवशिके चित्रकार सगळी जागा चित्राने भरून टाकतात आणि मग बोलायला जागाच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुहासने हे ऐकलं आणि माझ्याकडे बघून नको इतका हसला.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि सुहास अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, इकडे घेऊन आला. अण्णा गडहिंग्लजकडचे. प्राथमिक शाळेत मास्तर होते. बोलणं गावाकडचं, पण लिहिणं शुद्ध आणि अक्षर असं की कॅलेंडरवाल्याने छापावं. तोंडाला खळ नाही. इंग्लिश वाचायचे, बोलायचे मात्र फक्त मराठी, तेही समोर कोण आहे याची फिकीर न करता. पोस्टमनशी पीकपाण्याचं बोलायचे. मला म्हणाले, "हितली मान्सं लई समाधानी गं. कायबी इचारा, ग्रँडच म्हणत्यात." मी एकदा म्हटलं, साखर प्रेसमध्ये आहे, तर हे इस्त्रीच्या टेबलाजवळ जाऊन उभे. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, हे कळल्यावर त्यांनी अख्ख्या आयर्लंडला नापास केलं.

लेनशी त्यांचं पहिल्या दिवशीच जमलं. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्लिश बोलायचं नाही. अण्णा बोलायचे, लेन ऐकायचे. लेनसारखा ऐकणारा अण्णांना घरात मिळाला नव्हता.

आणि मग एका सकाळी अण्णांच्या हातातून कप पडला. सुहास घरीच होता म्हणून वेळेत हॉस्पिटलात पोचलो. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. एक शब्द तेवढा उरला, "न्हाई." चहा हवा का, न्हाई, आणि कप हातात घ्यायचे. रेवा दिसली की हसून न्हाई. भूक लागली, न्हाई. समोरच्याचं सगळं कळत होतं, हेच वाईट होतं. आपल्या तोंडून भलतंच निघतंय हे त्यांना ऐकू येत होतं. सुरुवातीला ते धडपडले, ओठ हलवले, कपाळावर शिरा आणल्या. मग एक दिवस त्यांनी धडपड सोडली. न्हाईसुद्धा म्हणेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

बोलायला शिकवायला घरी एक तरुण मुलगी यायची, ग्रानिया. फार गुणी पोर. तिने पहिल्याच दिवशी आम्हाला नीट समजावलं होतं, की जे काही परत यायचं ते प्रयत्नानेच येणार. त्यांनी प्रयत्न करणं सोडलं तर वाट बुजत जाईल. तिने चित्रांचा तक्ता आणला. त्यावर बोट ठेवून हवं ते दाखवायचं. किटली, टोस्ट, टबबाथ, आरामखुर्ची, कुत्रा. अण्णांनी तो एकदा बघितला आणि डाव्या हाताने पालथा घातला. ग्रानिया स्वतःच म्हणाली की यांच्या रोजच्या आयुष्यातल्या वस्तू हव्यात. मी मोबाइलवर फोटो काढले. तेही बघेनात. सुहास दिवसभर दुसऱ्यांची हाडं जोडून घरी यायचा आणि वडिलांच्या खोलीच्या दारात उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, "आई गेली तेव्हा अण्णा रडले नव्हते, बोलत राहिले होते. आता काय करतील?"

मी दुकानात शिवता शिवता हे सगळं लेनना सांगायची. ते कधी सल्ला देत नसत. एका सकाळी ते घरी आले, खुर्ची ओढून अण्णांच्या पलंगाशी बसले आणि दुपारपर्यंत बसून राहिले. कागद नाही, पेन्सिल नाही. नुसतं बघत. अण्णा चहा बशीत ओतून पितात, टॉवेल डाव्या खांद्यावर टाकतात, चष्मा उशीखाली ठेवतात. मग त्यांनी अण्णांना खुणेनेच एकेक विचारायला सुरुवात केली. बशी अशी धरता की अशी? मी लगेच सांगायला गेले. लेननी माझ्याकडे न बघता हात वर केला. "तू नको, लव्ह."

आणि ते थांबले. असं थांबणं मी कुणाचं पाहिलं नाही. आम्ही घरातले सगळे अण्णांना प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायचो, मायेनेच, त्यांना त्रास नको म्हणून. लेन मात्र पुढे वाकून, घाई नसलेल्या चेहऱ्याने बसून राहिले. किती तरी वेळाने अण्णांचा डावा हात उठला आणि त्याने हवेत बशी धरून दाखवली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

लेन म्हणाले, मी पान करतो. त्यांनी मला कागदावर काही शब्द लिहून द्यायला सांगितले. चहा, पाणी, गरम, दुखतंय, बसव, रेवा असे रोजचे. मीही सासऱ्यांना दाखवायचं म्हणून वळणदार अक्षर काढलं, वर सरळ रेघ ओढून दिली. लेननी तो कागद बराच वेळ उलटसुलट धरून बघितला आणि खिशात घातला.

पान आलं ते गुरुवारी. काय सांगू कसं होतं! पानभर चौकटी आणि प्रत्येकीत अण्णा. पलंगाच्या काठावर बसलेले, बशी ओठाला लावलेले, टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीकडे निघालेले, रेवाच्या डोक्यावर हात ठेवलेले. गुडघ्याचा बाक, कानावरचे केस, सगळं तंतोतंत. आणि प्रत्येक चौकटीत वर ऐसपैस फुगा, त्यात काळ्याभोर शाईत मराठी शब्द.

शब्दांवर रेघ नव्हती. एकाही नाही.

झालं होतं असं, की लेननी माझी अक्षरं आधी पेन्सिलने जशीच्या तशी उतरवली. मग वरची रेघ त्यांना दिसली, आणि त्यांना वाटलं, ही मी ओळ सरळ यावी म्हणून आखून घेतलेली रेघ. जन्मभराचा नियम त्यांच्या हातात होता. त्यांनी अक्षरं शाईने गिरवली, शाई वाळू दिली आणि सगळ्या रेघा रबराने स्वच्छ पुसून टाकल्या. मला पान देताना वर अभिमानाने म्हणाले, मी साफसफाईही करून आणलीय. आता त्या माणसाला काय बोलणार? मी म्हटलं, ग्रँड. अगदी ग्रँड.

पान मी अण्णांच्या मांडीवर ठेवलं. अण्णांनी बघितलं. चष्मा मागितला, म्हणजे उशीखाली बोट दाखवलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं. आणि त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. मला भीती वाटली, पुन्हा काही होतंय की काय. सुहास पुढे झाला. अण्णांनी डावी मूठ पानावर आपटली, एकदा, दोनदा. मग बोट लेनच्या खिशातल्या पेनाकडे.

लेननी पेन दिलं. अण्णांनी ते डाव्या हातात कसंबसं धरलं आणि 'चहा'च्या डोक्यावर डावीकडून उजवीकडे रेघ ओढली.

"रेघ," अण्णा म्हणाले.

अण्णा पुढच्या फुग्यावर गेले. 'पाणी'वर रेघ ओढली. "रेघ." 'गरम'वर. "रेघ." आवाज चढत होता. तो आजारी माणसाचा आवाजच नव्हता. सुहास म्हणतो, चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून ऐकलेला आवाज होता तो. बोडकी अक्षरं काढणाऱ्या पोराच्या पाटीवर अण्णा असेच तुटून पडायचे.

सुहास तर जमिनीवर बसून ढसाढसा रडायला लागला. लेन बिचारे चेहरा पाडून उभे होते. त्यांना वाटलं, अण्णा एकेक शब्द खोडतायत. हळूच मला म्हणाले, "त्यांना नाही आवडलं. हरकत नाही, संपादक तेच आहेत." मी रडत-हसत त्यांना कसंबसं सांगितलं, की मराठीत अक्षरांवर ती रेघ असतेच, ती अक्षराचाच भाग, तुम्ही पुसलीत. त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, मी सगळ्या घरांची छपरं काढून नेली की. मग खाली बसून त्यांनी अण्णांचा लुळा उजवा हात हातात घेतला आणि सॉरी म्हटलं. अण्णा त्यांच्याकडे रागाने बघत होते, आणि बघता बघता हसले.

त्यानंतर ती पद्धतच पडली. लेन चित्र काढायचे, फुग्यात अक्षरं लिहायचे आणि मुद्दाम बोडकी ठेवून आणायचे. रेघ अण्णांची. रेघ ओढताना अण्णांच्या तोंडून तो शब्द निघायला लागला; आधी अर्धा, मग पुरा. "च... चहा." मी ग्रानियाला विचारलं, हे कशामुळे? ती म्हणाली, हाताची जुनी सवय जिभेला ओढत असेल, नक्की कोण सांगणार, पण तुम्ही थांबू नका. तिने स्वतः चार मराठी शब्द शिकून घेतले आणि अण्णांकडून उच्चार दुरुस्त करून घेतले. दर गुरुवारी नवं पान. विषय लेनच ठरवायचे. अण्णा केस कापून घेतात, अण्णा पोस्टमनशी भांडतात, अण्णांना सुनेचा चहा आवडत नाही. या शेवटच्या विषयावर दोघांनी इतकी पानं केली, की मला त्यात कट दिसायला लागला. काम करताना लेनचा ब्रश हमखास शाईऐवजी चहात बुडायचा आणि अण्णा ओरडायचे, "चहा!" तो शब्द पानाशिवाय, रेघेशिवाय निघालेला पहिला.

एका पानाच्या कोपऱ्यात लेननी इंग्लिशमध्ये लिहिलं, 'रेघ - अण्णा'. अण्णांनी ते वाचलं, मग लेनकडे बोट केलं. तुमचं कुठाय? लेननी खांदे उडवले. त्यांना ती सवयच नव्हती. अण्णांनी पेन ओढून घेतलं आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात, 'लेन' लिहिलं. वर रेघ दिली. लेन त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले. त्यांना ती वाचता येत नव्हती, तरी त्यांनी मला विचारलं नाही काय लिहिलंय.

वर्षभर असं चाललं. मग लेन त्यांच्याच पायरीवरून पडले. सुहासच्याच हॉस्पिटलात खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगी लीड्सहून आली आणि या वेळी तिने ऐकलं नाही. एकट्याने जिने चढायचे दिवस संपले होते, हे लेननाही कळत होतं. इंग्लंडचं विमान शॅननहून होतं. मुलगी आधी घर लावायला पुढे गेली होती, म्हणून आम्हीच त्यांना सोडायला निघालो. अण्णा म्हणाले, "मी." म्हणजे मीही येणार.

अण्णा आता शब्द बोलत होते. एकेक, सुटे. पण मनात काही दाटलं की पूर्वीसारखी सगळी वाट बंद व्हायची. एअरपोर्टवर तेच झालं. लेनना चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं, त्यांना आत न्यायला एक मुलगा उभा होता. अण्णा काठी टेकत त्यांच्यासमोर आले आणि त्यांनी तोंड उघडलं. काही निघेना. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या. "न्हाई," ते म्हणाले. पुन्हा, "न्हाई. न्हाई." त्यांना जे म्हणायचं होतं ते हे नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्या जिभेवर दहा वाक्यं होती, अण्णांना काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं, आणि मी एकही उच्चारलं नाही. तेवढं लेनकडून शिकले होते.

लेन पुढे वाकून बसले होते, नेहमीसारखे. तो मुलगा घड्याळ बघत होता, त्याला त्यांनी हाताने थांब म्हटलं. ते थांबले, थांबले, विमान उभं असताना थांबले. शब्द आला नाही. शेवटी त्यांनी अण्णांच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, पोचलो की फोन करतो. खुर्ची वळली. काचेपलीकडे ते दिसेनासे होईपर्यंत मान वळवून आमच्याकडे बघत होते. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

परतीच्या वाटेवर गाडीत अण्णा खिडकीबाहेर तोंड करून बसले होते, आणि मला ती भिंतीकडे तोंड केलेली पाठ आठवत होती. सुहासचीही नजर आरशातून पुन्हा पुन्हा मागे जात होती.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि माझा मोबाइल टेबलावर वाजला. आजारपणापासून अण्णांनी फोनला हात लावला नव्हता; फोन वाजला की ते उठून खोलीत जायचे. समोर चेहरा नाही, खुणा नाहीत, थांबून बघणारं कुणी नाही. माझे हात पिठात. मी रेवाला हाक मारली, ती वर होती. अण्णा टेबलाशी बसले होते. त्यांनी वाकून स्क्रीनवरचं नाव वाचलं. मग डाव्या अंगठ्याने, दोनदा चुकून, फोन उचलला आणि कानाला लावला. मी पीठ झटकायचीही विसरले. लांब लीड्समध्ये लेन काही म्हणाले नाहीत. थांबले असावेत.

"हां लेन," अण्णा म्हणाले. "बोला."